पुलापलीकडचा पिक्चर

पिवळ्या पट्ट्यांचा शर्ट बाहेर निघाला की मी समजते, ईद जवळ आली आणि 'त्याचा' पिक्चरही जवळ आला. कपाटाच्या तळाशी, थंडीच्या रजईखाली घडी करून ठेवलेला तो शर्ट आमच्या ह्यांनी काल स्वतःच्या हातांनी काढला, झटकला, नाकाशी धरून पाहिला आणि इस्त्रीच्या टेबलावर पसरला. एरवी ह्यांना इस्त्री येत नाही. कंपनीच्या कपड्यांना सुरकुती पडलेली असली तरी "प्लांटमध्ये कोण बघतंय गो?" म्हणून तसेच घालून शिफ्टला जातात. पण ह्या शर्टाच्या कॉलरवर असा हात फिरवतात की मला कधीकधी वाटतं, आपण चुकीच्या जन्माला आलो, शर्ट व्हायला हवं होतं.

'तो' म्हणजे हिरो. त्याच्या कुठल्याशा जुन्या पिक्चरमध्ये त्याने असाच शर्ट घातला होता, म्हणून आमच्या घरात हा. 'त्याचं' नाव आमच्या घरात कुणी घेत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात हे सारखे "तो म्हणाला", "त्याचं दुखलंय", "त्याचं आता चांगलं व्हायला पाहिजे" असं बोलायचे, तेव्हा मला वाटलं ह्यांचा एखादा भाऊ आजारी आहे. मी सासूबाईंना विचारलंसुद्धा, "कोण हो ते? भेटायला जायला पाहिजे ना?" सासूबाई चुलीपुढे बसून इतक्या हसल्या की भाकरी करपली.

ईद दर वर्षी दहाबारा दिवस मागे सरकते, त्यामुळे आमच्या आठवणींना ठरलेला ऋतू नाही. थंडीतल्या ईदा झाल्या, वाळूच्या वादळातल्या झाल्या. पण बकरीद म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतो तो एकच उन्हाळा, आमची लेक सना पुण्याला शिकायला गेली तो. सौदीतल्या ह्या जुबैलचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगायचं? दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि माणूस आंधळ्यासारखा उंबऱ्यावर उभा राहतो. गार पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं, म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो आणि गरम पाण्याच्या नळाने टाकीत निवलेलं गार पाणी घेतो. नवीन आलेल्या बायकांना हे सांगितलं की त्या माझ्याकडे संशयाने बघतात. रस्त्याकडेच्या खजुरांना हिरवे घोस लागलेले असतात, त्यांना जाळीच्या पिशव्या बांधतात, आणि दूर प्लांटच्या चिमणीवरची ज्योत भर दुपारीसुद्धा दिसते.

हे सगळं ह्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं आणि मला बसल्या बसल्या पूल आठवायला लागला.

आता मॉलमध्येच थिएटर आहे. घरातून निघालं की दहा मिनिटांत खुर्चीत. खुर्ची तरी कसली, बटण दाबलं की पाय वर होतात, पलंगच तो. पण आम्ही इथे आलो तेव्हा अख्ख्या देशात थिएटर नव्हतं. पिक्चर बघायचा तर बहरीनला जायचं. जुबैलहून दम्माम, दम्मामहून खोबर, आणि मग समुद्रावरचा तो लांबच लांब पूल. पुलाच्या मधोमध एक बेट आहे, तिथे पासपोर्टवर शिक्के. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची अशी रांग की पुढच्या गाडीतल्या पोरांची नावं पाठ व्हायची.

गाडी मुनीरभाईंची. मुनीरभाई श्रीवर्धनचे, ह्यांच्याच प्लांटमध्ये, कायम रात्रपाळी करून आलेले. मागे आम्ही बायकापोरं, मांडीवर डबे. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. एकदा कस्टमवाल्या साहेबाने संशयाने माझा डबा उघडायला लावला. झाकण निघालं, जवळ्याचा वास त्याच्या खिडकीत शिरला, आणि तो बिचारा हात हलवत म्हणाला, "यल्ला, यल्ला!" म्हणजे निघा, निघा. त्या दिवसापासून रांगेत जवळ्याचा डबा मी सगळ्यात वर ठेवायला लागले.

पिक्चर बघून परत येताना पुन्हा तेच बेट, पुन्हा रांग, आणि तिथे आमचा एक रिवाज होता. बेटावर पोचेपर्यंत पिक्चरबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. हे उतरून सगळ्यांसाठी कागदी पेल्यांतून दाट दुधाचा चहा आणायचे. पहिला घोट ह्यांचा. मग हे मान हलवून म्हणायचे, "एक नंबर." त्यानंतर ज्याला जे बोलायचं ते बोलायची मुभा. दुसरा नियम त्याहून कडक: पिक्चर पूर्ण बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही. एकदा सावंत नावाचा ह्यांचा एक दोस्त मध्यंतरानंतर फोनवर बोलत बाहेरच राहिला आणि बेटावर म्हणाला, "एवढा काही खास नव्हता." हे चहाचा पेला डॅशबोर्डवर ठेवून त्याच्याकडे वळले. "सावंत, अर्धा बघून बोलणारा माणूस मला आवडत नाही. पूर्ण बघ, मग शिव्या घाल." सावंत परत कधी आला नाही.

शिव्या अर्थात कुणी घातल्याच नाहीत. इतक्या वर्षांत त्या बेटावर एकही पिक्चर वाईट ठरला नाही. मी मागे बसून विचार करायचे, बाई गं, प्रत्येकच कसा एक नंबर? एकात तर हिरो मेला, आणि पुढच्या गाण्यात न सांगता नाचत होता. पण मग लक्षात यायला लागलं. सकाळी उठून डबे भरायचे, पोरांना कोंबून बसवायचं, दोनदा समुद्र ओलांडायचा, शिक्के मारून घ्यायचे, उन्हात शिजायचं, आणि एवढं करून म्हणायचं की पिक्चर टुकार होता? म्हणजे टुकार आपणच ठरलो की. मुनीरभाई तर टायटल संपायच्या आत झोपायचे. रात्रपाळी करून आलेला माणूस, अंधार आणि एसी मिळाल्यावर दुसरं काय करणार? पण बेटावर ह्यांच्या पाठोपाठ "काय काम केलंय त्याने!" म्हणणारे पहिले मुनीरभाई. झोपेत पाहिलेल्या पिक्चरसाठी जीव तोडून भांडणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

ह्यांचं वेड मात्र पुलाच्याही आधीचं. आमचं गाव दापोलीकडे खाडीच्या काठाला. थिएटर खाडीपलीकडे. हे पोरवयात होडीने जायचे, परतीची होडी चुकली की जेट्टीवर मच्छीच्या टोपल्यांशेजारी पडायचे आणि सकाळी घरी येऊन वडिलांचा मार खायचे. मार खाताना म्हणे डोक्यात गाणं चालू असायचं. म्हणजे ह्या माणसाच्या आणि पिक्चरच्या मधे आयुष्यभर पाणीच होतं. आधी खाडी, मग समुद्र. पाणी ओलांडून गेल्यावर जे मिळतं ते वाईट कसं असेल?

सना ह्या सगळ्यात वाढली. ह्यांच्या मांडीवर बसून तिने 'त्याचे' सगळे पिक्चर पाहिले. पूल लागला की टाळ्या वाजवायची. बेटावर तिलाही चमचाभर चहा मिळायचा, आणि तीही मान हलवून "एक नंबर" म्हणायची. तिच्या तोंडचे ते पहिले मराठी शब्द असतील, कारण पुढे शाळेत गेल्यावर बाईसाहेब इंग्लिश नाहीतर हिंदीत बोलायला लागल्या. मी मराठीत विचारायचे, उत्तर यायचं, "अम्मी, आय नो."

मग इथे थिएटर आलं, आणि गंमत बघा, माणसं एकदम परीक्षक झाली. जी मंडळी पुलावर घाम गाळून खूश असायची ती आता पाय वर करून, पॉपकॉर्न खात म्हणायला लागली, "सेकंड हाफ जरा पडला." मुनीरभाईसुद्धा! त्या पलंगासारख्या खुर्चीत तर ते आधीपेक्षा गाढ झोपायचे, पण मत असायचंच. एकटे आमचे हे बदलले नाहीत. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू करता करता म्हणायचे, "एक नंबर."

त्या उन्हाळ्यात सनाची बारावी झाली. पुण्याला ॲडमिशन मिळाली. इथली मुलं बारावी झाली की जातात, हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असतं, तरी ज्या दिवशी आपल्या घरात बॅग उघडी पडते त्या दिवशी ते नव्याने कळतं. बॅग हॉलमध्ये उघडी. ईदचं मटण शेजारीपाजारी वाटून झालं. आणि 'त्याचा' पिक्चर लागला. हे पट्ट्यांच्या शर्टात तयार. शर्टाची बटणं केव्हाच लागेनाशी झाली होती, मी दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून त्याच रंगाच्या पट्ट्या घातल्या होत्या. तिघं गेलो. जाताना हे सनाला म्हणाले, "हा आपला तिघांचा शेवटचा बरं का. म्हणजे ह्या खेपेचा शेवटचा."

पिक्चरबद्दल मी काय बोलू? गाणी बरी होती. 'तो' आता वयाने ह्यांच्याएवढा, पण हिरॉईन सनाएवढी. परत येताना गाडीत सिग्नलला हे म्हणाले, "एक नंबर." मी "हूं" केलं. सना खिडकीबाहेर बघत होती. दहा मिनिटांत घर आलं, जो तो आपापल्या खोलीत गेला.

सनाचं एक छोटंसं चॅनल होतं. मैत्रिणी बघायच्या, चार परकी माणसं बघायची. दुसऱ्या दिवशी तिने तिथे पिक्चरवर बोललेला व्हिडिओ टाकला. मी तो स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता पूर्ण बघितला आणि लसूण तसाच राहिला. संध्याकाळी ह्यांच्या ग्रुपवर त्यातलाच एक तुकडा आला. हा ग्रुप म्हणजे 'त्याच्या' जुबैलमधल्या चाहत्यांचा, ॲडमिन हेच. कुणीतरी नेमका एवढाच भाग कापला होता: "इनसे अब उठा नहीं जाता. घुटना देखो. इनको अब घर बैठना चाहिए." बस्स. खाली संदेशांचा पाऊस. इक्बालभाई, पोरीला आवरा. इक्बालभाई, तुमच्या घरातून हे? मुनीरभाईंनी तर रडणारे चेहरेच पाठवले, ओळीने.

ह्यांनी तो तुकडा पाहिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. फोन उलटा ठेवला, उठले आणि गीझरचं बटण तपासायला गेले, जे महिनाभर बंदच होतं. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद.

"अहो, पूर्ण बघा तरी," मी म्हटलं.

"मला काही बघायचं नाही."

"पुढे तिने काय म्हटलंय..."

"नसीमा, मला लोकांसमोर मान खाली घालायला लावली तिने. त्याचं सोड. माझी."

मग मी पोस्टमन झाले. "अम्मी, अब्बांना सांग फॉर्मवर साइन पाहिजे." "तिला सांग टेबलावर ठेवायला." एसीच्या घरघरीत तिघं एका हॉलमध्ये, मधे उघडी बॅग, आणि मी ह्या सोफ्यावरून त्या सोफ्यावर निरोप पोचवतेय. मला दोघांचाही असा राग यायचा! चार आठवडे उरलेत, मग तीन उरलेत, आणि ही दोघं कुणासाठी तोंड फिरवून बसलीत? ज्याला आपण ह्या जगात आहोत हेसुद्धा माहीत नाही त्याच्यासाठी! मनात यायचं, सना अशीच निघून गेली तर हे तोंड फिरवणं विमानात बसून तिच्यासोबत जाईल आणि तिकडे मोठं होईल. सुट्टीत आलेल्या पोरांना परकं व्हायला वेळ लागत नाही, मी चार घरांत पाहिलंय.

मुनीरभाई एकदा समजूत घालायला आले. सनाने त्यांना सरबत दिलं आणि गोड आवाजात विचारलं, "अंकल, इंटरव्हल के बाद हिरो कहाँ जाता है?" मुनीरभाईंनी सरबताचा घोट घेतला, ह्यांच्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. "लढायला," म्हणाले. हिरो तर पिक्चरभर एका हॉस्पिटलच्या बाहेर पडत नाही. मी पदर तोंडाला लावून आत पळाले. ह्यांच्या मिश्या जराशा हलल्या.

सनाचं विमान बहरीनहून होतं. दम्मामहून तिला हवं तसं मिळालं नाही, इथले बरेच जण तसेच जातात. म्हणजे पुन्हा पूल. कित्येक दिवसांनी आम्ही त्या पुलावर चढलो, दोन्ही बाजूंना तेच फिकट निळं पाणी, आणि बेटापाशी तीच रांग. गाडी थांबली. मी मांडीवरचा डबा घट्ट धरून बसले होते. सवय माणसाला सोडत नाही. हे दार उघडून उतरले आणि थोड्या वेळाने तीन कागदी पेले घेऊन आले. मागे वळून एक सनापुढे धरला. बोलले नाहीत, पण धरला.

सनाने पेला घेतला आणि मराठीत म्हणाली, "अब्बा, चहा आला. आता बोलायचं असतं."

ह्यांनी गाडीचा आरसा उगाचच सरळ केला.

"आणि अर्धा बघून बोलणारा माणूस तुम्हांला आवडत नाही." तिने फोन पुढे केला.

माझ्या आधी ह्यांच्याच लक्षात आलं असावं, आपण आपल्याच नियमात सापडलो. फोन घेतला. चष्मा पुसला. गाडीत तिचाच आवाज घुमायला लागला. गुडघ्याचं आलं, घरी बसायचं आलं, ह्यांचा जबडा आवळला. मग पुढचं आलं, जे कुणी पाठवलंच नव्हतं. "मेरे अब्बा इनके लिए समुंदर पार करके जाते थे. बचपन में खाड़ी, फिर ये पूल. मार खाई, रातें जेट्टी पे काटीं. कभी एक लफ़्ज़ बुरा नहीं कहा. और इन्होंने मेरे अब्बा को क्या दिया? एक ढंग की कहानी भी नहीं? सर, आप थक गए हो तो आराम करो. पर जो आदमी इतनी दूर से आता है, उसको हल्के में मत लो."

व्हिडिओ संपला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, रांग पुढे सरकली होती. ह्यांनी गाडी थोडी पुढे घेतली, चहाचा घोट घेतला. मी आणि सना, आम्ही दोघी त्या एका माणसाच्या मानेकडे बघत होतो.

"मधे जरा लांबलाय," हे म्हणाले.

सनाने "अब्बा!" म्हणून जी किंकाळी मारली ती शिक्केवाल्यापर्यंत गेली असेल. ती हसत होती की रडत होती कोण जाणे, चहा माझ्या ओढणीवर. आणि मी? मी तर भोकाड पसरलं. ह्या माणसाला मी पंचवीस वर्षं ओळखते. जे आवडतं त्यात खोट काढताना मी ह्यांना पहिल्यांदा पाहत होते. आणि काढली ती पोरीच्या कामात, म्हणजे पोरीचं काम 'त्याच्या' पंगतीला बसवलं आणि वरून कुठे चुकलं तेही सांगितलं. ह्याहून मोठा मान ह्यांच्याकडे नव्हता.

थोडं पुढे गेल्यावर हे हळू आवाजात म्हणाले, "गुडघ्याचं बोललीस ना, ते मला पहिल्याच गाण्यात दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आपल्या माणसाचं चारचौघांत कसं बोलणार गो?"

इतकी वर्षं मला वाटत होतं ह्यांना दिसत नाही. ह्यांना सगळं दिसत होतं. हिरो मेल्यावर नाचला तेही दिसलं असणार. वेड म्हणजे आंधळेपणा असं आपण सहज म्हणतो, पण काही वेड्यांचे डोळे शाबूत असतात, फक्त तोंड ते बंद ठेवतात. आणि सनाचं काय? 'त्याचा' गुडघा थकलाय हे कळायला आधी त्याला वर्षानुवर्षं नाचताना पाहिलेलं असावं लागतं. ज्याला पडलेलीच नाही तो कशाला गुडघ्याकडे बघेल? माझ्या घरात एक नव्हे, दोन वेडे होते. एक गप्प राहून प्रेम करणारा आणि एक भांडून.

विमानतळावर ह्यांनी तिची बॅग ढकलत ढकलत तिला आणखी चार चुका सांगितल्या. आवाज वर ठेव. हातवारे कमी कर. पंख्याखाली बसून बोलू नको. सना प्रत्येकाला "हां अब्बा, हां अब्बा" करत होती आणि आत जाईपर्यंत तिने ह्यांचा हात सोडला नाही.

आता ती कुठलाही व्हिडिओ टाकायच्या आधी ह्यांना पाठवते. हे शिफ्टच्या बसमध्ये बसून बघतात आणि निरोप पाठवतात: लांबलाय. ग्रुप अजून आहे. ज्याने तुकडा कापला तो कोण हे ह्यांनी शोधलं नाही, फक्त एक नियम घातला, कुठलाही व्हिडिओ टाकायचा तर पूर्ण टाकायचा. मुनीरभाईंनी लगेच होकाराचा अंगठा पाठवला. सनाचा व्हिडिओ त्यांनी पूर्ण बघितला असेल असं मला वाटत नाही.

तर काल ह्यांनी शर्टाला इस्त्री केली. पिक्चर ईदच्या पहिल्या दिवशी लागतोय, मॉलमध्ये पोस्टर लागलंसुद्धा. तेवढ्यात सनाचा फोन आला. तिला सुट्टी मिळाली होती, पण तिकीट ईदच्या तिसऱ्या दिवसाचं, बहरीनपर्यंतचं. "अब्बा, तुम्ही बघून घ्या पहिल्या दिवशी," म्हणाली, "मैं बाद में देख लूंगी."

इस्त्री टेबलावर उभी, वाफ निघतेय, आणि हे शर्टाकडे बघत उभे. होडी चुकवली, मार खाल्ला, माझ्या बाळंतपणातसुद्धा सकाळी पाळणा बघून दुपारी पुलावर गेलेला हा माणूस. पहिला दिवस ह्यांनी आजवर सोडलेला नाही. मी भाजी ढवळायची थांबले.

ह्यांनी शर्ट उचलला, हँगरला लावला आणि हँगर दारामागच्या खुंटीला अडकवला. मग ग्रुपवर लिहिलं, मी तिसऱ्या दिवशी बघणार आहे, कुणी स्टोरी सांगायची नाही. मिनिटाभरात मुनीरभाईंचा फोन. "इक्बाल, तब्येत बरी आहे ना?"

रात्रीचं जेवण वाढताना मला कळलं की तिकिटंसुद्धा काढून झालीत. तिसऱ्या दिवसाची, तीन, आणि तीही बहरीनची.

"अहो, तिला विमानतळावरून घेऊन घरीच यायचंय ना?" मी म्हटलं. "इथे मॉलमध्ये लागतोय की! दहा मिनिटांवर."

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"मॉलमधून येताना बोलायला वेळ मिळत नाही गो."